ड्युअल बूट करताय? मग आधी रिकव्हरी पार्टिशनचं काय करायचं ते ठरवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात माझी वट एकदम वाढलीये, कारण प्रत्येकाकडे एक तरी लॅपटॉप असा आहे की ज्यावर विंडोज ११ चढत नाही. मग फोन येतो, "लिनक्स टाकून दे रे, पण विंडोज पण राहू दे, टॅली त्याच्यावरच चालतं," किंवा डीटीपीवाले असतील तर "श्रीलिपीसाठी विंडोज पाहिजेच." म्हणजे ड्युअल बूट. लिनक्स टाकायला अर्धा तास पुरतो, त्याचं काही नाही, पण डिस्कच्या शेवटी गपचूप बसलेली ती एक-दोन रिकव्हरी पार्टिशनं (म्हणजे डिस्कचे वेगळे कापलेले भाग) असतात ना, लोक तिथे हमखास माती खातात, आणि मीही खाल्लीये.

माझं झालं असं की जीपार्टेडमध्ये, म्हणजे लिनक्समधल्या पार्टिशनं बघायच्या-बदलायच्या टूलमध्ये, ६७४ एमबीचं एक पार्टिशन दिसलं, नाव नाही, ड्राइव्ह लेटर नाही, मला वाटलं उगाच पडलंय आणि दिलं उडवून. सहा महिने काहीच झालं नाही. मग एका रात्री विंडोजने बूट व्हायला नकार दिला, रिपेअरचा निळा स्क्रीनसुद्धा येईना, कारण तो स्क्रीन ज्या पार्टिशनवर राहतो तेच मी सहा महिन्यांपूर्वी पुसलं होतं. बहिणीचा प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी सबमिट करायचा होता. पुढचं सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, खाली कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

रिकव्हरी म्हणजे नक्की कुठलं?

मुळात लोक दोन वेगवेगळ्या गोष्टींना "रिकव्हरी पार्टिशन" म्हणतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिलं विंडोजचं स्वतःचं, ज्याला विनआरई (विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट) म्हणतात. साधारण ५०० एमबी ते १ जीबी. स्टार्टअप रिपेअर, सेफ मोडचा मेनू, "रिसेट धिस पीसी" हे सगळं याच्या जिवावर चालतं. दुसरं लॅपटॉप कंपनीचं, १० ते २० जीबीचं, त्यात लॅपटॉप दुकानातून आणला त्या दिवशी जसा होता तशी अख्खी विंडोजची प्रत असते, ट्रायल अँटिव्हायरससकट. एचपीला एफ११, एसरला ऑल्ट आणि एफ१०, लेनोवोला ते बारीकसं नोवो बटण, हे दाबलं की बऱ्याच मॉडेलवर कंपनीचा रिकव्हरी मेनू येतो आणि फॅक्टरी रिसेट केलंत तर तो हेच पार्टिशन वापरतो.

छोटं असतं त्याला ठेवायचंच. मोठ्याचं मात्र परिस्थिती बघून ठरवायचं. विंडोज १० पासून रिसेटला ते मोठं पार्टिशन लागतच नाही, विंडोज स्वतःच्याच फायलींतून किंवा नेटवरून उतरवून परत उभं राहतं. आणि लायसनची काळजी असेल तर विंडोज ८ पासून कंपनीच्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, त्यामुळे तीच एडिशन परत टाकली की नेट मिळाल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. म्हणजे २०१४ च्या लॅपटॉपमधलं २० जीबीचं पार्टिशन तुम्हाला फार फार तर विंडोज ८ परत देणार. कुणाला हवंय ते?

याशिवाय डिस्कवर आणखी दोन असतात. ईएफआय पार्टिशन, १०० किंवा २६० एमबी, यात दोन्ही सिस्टिमचे बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारे छोटे प्रोग्राम, राहतात, याला हात लावायचा नाही. आणि १६ एमबीचं एमएसआर, विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेलं, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये (विंडोजचं पार्टिशनं दाखवणारं टूल) दिसतही नाही, त्यालाही जिथे आहे तिथे राहू द्या.

आधी डिस्कची कुंडली काढा

एक्स्टर्नल हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, सगळं काढून ठेवा. स्टार्ट मेनूमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि लिहा: रीएजंटसी /इन्फो. यात विनआरई चालू आहे की बंद ते दिसतं आणि खाली एक लांबलचक पत्ता दिसतो, हार्डडिस्क०, पार्टिशन४ असा काहीतरी. तो पार्टिशनचा नंबर वहीत लिहा. मग डिस्कपार्ट, मग सिलेक्ट डिस्क ०, मग लिस्ट पार्टिशन. परवा मामेभावाच्या ५१२ जीबीच्या लॅपटॉपवर हे दिसलं:

पार्टिशन १, सिस्टिम, २६० एमबी
पार्टिशन २, रिझर्व्हड, १६ एमबी
पार्टिशन ३, प्रायमरी, ४५४ जीबी
पार्टिशन ४, रिकव्हरी, ६७४ एमबी
पार्टिशन ५, रिकव्हरी, २० जीबी

चार नंबर विनआरई, पाच नंबर कंपनीचं. या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आळस करू नका, जीपार्टेडमध्ये गेल्यावर हेच सगळं वेगळ्या नावांनी दिसतं आणि तिथे डोकं चक्रावतं.

काही जणांकडे ५००-६०० एमबीची दोन रिकव्हरी दिसतील. विंडोजच्या मोठ्या अपडेटच्या वेळी जुनं विनआरई पार्टिशन लहान पडलं की सेटअप सी ड्राइव्ह थोडा आक्रसून नवीन पार्टिशन बनवतो आणि जुनं तसंच सोडून देतो. रीएजंटसीने दाखवलेल्या नंबरचं ते जिवंत, दुसरं बहुतेक मेलेलं. पण मेलेलं डिस्कच्या सुरुवातीला ईएफआयच्याही आधी असेल तर मी ते काढत नाही, ५०० एमबी मिळून करायचंय काय, आणि ती जागा सीला जोडताही येत नाही.

जुनी एमबीआर डिस्क असेल तर

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ० वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल दिसते, म्हणजे डिस्कवर पार्टिशनांची यादी ठेवायची पद्धत, जुनी एमबीआर किंवा नवी जीपीटी. जीपीटी असेल तर हा भाग सोडा. एमबीआरवर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात आणि विंडोज ७ च्या काळातले बरेच लॅपटॉप चारही भरूनच यायचे, एचपीमध्ये सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि एचपी टूल्स असे. तिथे पाचवं बनवायला गेलात की विंडोज अगदी गोड शब्दांत विचारतं, डिस्क डायनॅमिक करू का? नाही म्हणा! डायनॅमिक झालेल्या डिस्कवर लिनक्स टाकणं म्हणजे डोक्याला ताप. त्यापेक्षा कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन बॅकअप घेऊन काढा आणि मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्सच्या इन्स्टॉलरमधून लॉजिकल पार्टिशन बनवा.

बॅकअप, आणि बिटलॉकर

स्वतःच्या फायलींचा बॅकअप घ्या हे सांगायला नको. त्याशिवाय दोन पेनड्राइव्ह लागतील. एक १६ जीबीचा किंवा मोठा, त्यावर विंडोजमधलं "क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह" चालवा आणि सिस्टिम फायलींच्या बॅकअपची टिक ठेवा, याला एक-दोन तास सहज लागतात तेव्हा रात्री लावून झोपा. दुसरा लिनक्सचा लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता ज्यावरून लिनक्स थेट चालतं तो.

कंपनीचं २० जीबी उडवायचं असेल तर आधी बघा कंपनी तेच पेनड्राइव्हवर देते का. एचपी, डेल, लेनोवो तिघांकडे त्यासाठी स्वतःची टूल्स आहेत, मॉडेल किंवा सिरीयल नंबर टाकला की नेटवरून उतरवून पेनड्राइव्ह बनवून देतात. जुन्या मॉडेलचं मिळत नसेल तर लाइव्ह लिनक्समध्ये "डिस्क्स" नावाचं अ‍ॅप उघडून त्या पार्टिशनची इमेज एक्स्टर्नल डिस्कवर काढा. आणि हे लक्षात असू द्या की कंपनीचं फॅक्टरी रिसेट बऱ्याचदा अख्खी डिस्क पहिल्यासारखी करतं, म्हणजे नंतर कधी ते वापरलंत तर लिनक्स गेलंच समजा.

बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनचं, लोक विसरतात. होम एडिशनवर याला "डिव्हाइस एन्क्रिप्शन" म्हणतात आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते तुम्हाला न विचारता चालू झालेलं असू शकतं. ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, ती आधी कागदावर उतरवून घ्या, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून उपयोग नाही हे कळतंयच. मी तर सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन सरळ बंद करतो आणि पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबतो, कारण उबंटूचा इन्स्टॉलर बिटलॉकर दिसला की अडून बसतो. नंतर परत चालू केलंत तर विंडोज ग्रबमधून (लिनक्सचा बूट मेनू) बूट न करता बायोसच्या बूट मेनूतून करा, नाहीतर दरवेळी ते ४८ आकडे मागू शकतं.

सोबत फास्ट स्टार्टअप बंद. पॉवरसीएफजी /एच ऑफ ही एकच कमांड हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद करते. ते चालू राहिलं तर विंडोज शटडाऊन होतच नाही, अर्धवट झोपतं आणि लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहायला गेलात की एरर.

आता खरी मेख: क्रम

बहुतेक व्हिडिओत सांगतात की सी श्रिंक करा, मोकळी जागा मिळते, त्यात लिनक्स टाका, झालं. चालतं ते, खोटं नाही. पण चित्र बघा, मोकळी जागा सीच्या लगेच नंतर तयार होते, आणि रिकव्हरी तिच्याही पुढे. म्हणजे सी, मग लिनक्स, मग विनआरई. विनआरईला कधी वाढायचं झालं तर सीकडून जागा घ्यायची असते आणि मध्ये लिनक्स पाय पसरून बसलेलं!

हे काय पुस्तकी नाही. जानेवारी २०२४ मध्ये केबी५०३४४४१ नावाचं अपडेट आलं आणि ज्यांचं विनआरई पार्टिशन लहान होतं त्या सगळ्यांना ०एक्स८००७०६४३ हा एरर येऊन ते फेल व्हायला लागलं. मायक्रोसॉफ्टचा उपाय काय, तर सी २५० एमबीने आक्रसा आणि रिकव्हरी पार्टिशन तेवढं मोठं करून परत बनवा. ज्यांचं विनआरई सीला चिकटून होतं ते दहा मिनिटांत सुटले. ड्युअल बूटवाले बसले जीपार्टेड घेऊन १००-२०० जीबीचं लिनक्स सरकवत.

म्हणून मी लिनक्स टाकायच्या आधीच विनआरई सीच्या शेजारी आणतो आणि १ जीबीचं करून टाकतो. सरकवत नाही, नवीनच बनवतो, ते जास्त सोपं आहे. मामेभावाच्या लॅपटॉपवर केलं तेच क्रमाने सांगतो.

लिनक्ससाठी १२० जीबी हवे होते. १२० गुणिले १०२४ म्हणजे १,२२,८८० एमबी, वर विनआरईसाठी १,०२४, एकूण १,२३,९०४. डिस्क मॅनेजमेंट उघडून सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, हा आकडा टाकला. तुमच्याकडे कदाचित तेवढं श्रिंक होणारच नाही, ३०० जीबी रिकामे असताना विंडोज म्हणेल १८ जीबीच मिळतील, कारण पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) किंवा सिस्टिम रिस्टोअरच्या न हलणाऱ्या फायली मध्येच कुठेतरी बसलेल्या असतात. मग पेजफाइल तात्पुरती बंद, सिस्टिम प्रोटेक्शन बंद, रीस्टार्ट, परत श्रिंक, आणि काम झालं की दोन्ही पुन्हा चालू. लिनक्समधून सी लहान करायच्या भानगडीत मी पडत नाही, विंडोजचं विंडोजने करावं.

मग रीएजंटसी /डिसेबल. ही कमांड विनआरईची फाइल, विनआरई डॉट विम, रिकव्हरी पार्टिशनमधून उचलून सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, रिकव्हरी या फोल्डरमध्ये आणून ठेवते. आणून ठेवली का ते बघा, मगच पुढे. फाइल लपलेली असते म्हणून त्या फोल्डरमध्ये जाऊन डीआयआर /ए लिहा, विनआरई डॉट विम दिसली पाहिजे, काहीशे एमबीची. दिसत नसेल तर इथेच थांबा, विंडोजच्या आयएसओतल्या इन्स्टॉल डॉट विममधून ती फाइल काढून याच फोल्डरमध्ये ठेवता येते (आयएसओ तुमच्याच व्हर्जनची घ्या), पण फाइल हातात नसताना पार्टिशन उडवायचं नाही.

फाइल दिसली? मग डिस्कपार्ट, सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन. फोटोशी ताडून बघा. सिलेक्ट पार्टिशन ४, मग डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. इथे हात थोडा थरथरतो, थरथरू द्या, नंबर दोनदा वाचा, ४ च्या जागी ३ टाइप झालं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. आता सी आणि कंपनीच्या २० जीबीच्या मध्ये एकच सलग मोकळी जागा आहे.

क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइझ=१०२४. हे मोकळ्या जागेच्या सुरुवातीला म्हणजे बरोबर सीला चिकटून बसतं. मग फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस, लेबल द्या "विंडोज आरई टूल्स". मग सेट आयडी= आणि पुढे रिकव्हरीचा तो लांब जीयूआयडी (ओळख क्रमांक) जो डीई९४ ने सुरू होतो, तो मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमधून कॉपी-पेस्ट करा, हाताने टाइप करायच्या फंदात पडू नका. शेवटी जीपीटी अ‍ॅट्रिब्यूट्स=०एक्स, मग ८, मग १४ शून्यं, मग १. यातल्या ८ मुळे त्याला ड्राइव्ह लेटर मिळत नाही आणि १ मुळे ते गरजेचं पार्टिशन म्हणून खूण होते, त्यामुळे डिस्क मॅनेजमेंटमधून कुणी सहज उडवू शकत नाही. (एमबीआर डिस्क असेल तर या दोन्हींऐवजी फक्त सेट आयडी=२७.)

एक्झिट, मग रीएजंटसी /एनेबल, मग परत रीएजंटसी /इन्फो. एनेबल्ड आणि पार्टिशन४ दिसलं पाहिजे. नंबर ३ दिसला तर विनआरई सी ड्राइव्हवरच जाऊन बसलंय, बहुतेक आयडी चुकलाय किंवा जागा कमी पडलीये, डिसेबल करून तेवढं दुरुस्त करून परत एनेबल करा. नुसत्या एनेबल्ड या शब्दावर विसंबू नका, शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करा, निळा मेनू आला की ट्रबलशूटपर्यंत जाऊन परत या.

लिनक्स टाकताना

लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायचे इंटेलचे मोड) चालू असणार. ते थेट एएचसीआय या साध्या मोडवर टाकलंत तर विंडोज बूट होणार नाही, आधी विंडोजला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगायचं, बायोस बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये उघडायचं, मग नॉर्मल.

इन्स्टॉलरमध्ये "इरेज डिस्क" हा पर्याय म्हणजे अख्खी डिस्क, दोन्ही रिकव्हरीसकट. मी तर "अलाँगसाइड"ही घेत नाही, मिंटमध्ये "समथिंग एल्स" आणि नव्या उबंटूत "मॅन्युअल" घेतो. मोकळी जागा निवडा, एक्सटी४, माउंट पॉइंट स्लॅश, बास, स्वॅप फाइल ते आपोआप बनवतं. आहे तेच ईएफआय पार्टिशन वापरायचं, फॉरमॅटची टिक नको, कारण विंडोजचा बूटलोडरही त्यातच आहे. उबंटू-मिंट तिथे जेमतेम काही एमबी घेतात, १०० एमबीतही बसतं. पॉप ओएस मात्र कर्नलपण ईएफआयमध्ये ठेवतं, तिथे १०० एमबी अपुरे, शिवाय नेहमीच्या इन्स्टॉलला ते स्वतःचं ४ जीबीचं वेगळं रिकव्हरी पार्टिशन बनवतं, म्हणजे घरात अजून एक पाहुणा.

पहिल्या बूटला ग्रबमध्ये विंडोज दिसलं नाही तर घाबरू नका. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टिम शोधणारा प्रोग्राम, मुळातच बंद असतो, काही डिस्ट्रो तो स्वतः चालू करून देतात, काही नाही. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ग्रब डिसेबल ओएस प्रोबरची ओळ फॉल्स करून सुडो अपडेट-ग्रब चालवा. जुन्या एमबीआर मशिनवर उलटी गंमत होते, विंडोजच्या दोन-दोन एन्ट्री दिसतात, त्यातली एक रिकव्हरीची. घरातलं कुणीतरी चुकून तीच दाबतं आणि फॅक्टरी रिसेटचा स्क्रीन उघडतो, म्हणून त्या पार्टिशनची यूयूआयडी (ओळख क्रमांक) ग्रबच्या स्किप लिस्टमध्ये टाकून ती एन्ट्री लपवा.

आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं तर डिस्कचं काही बिघडलेलं नाही, लिनक्स हार्डवेअर घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं एवढंच. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १, विषय संपला.

नंतर लिनक्स काढायचं झालं तर

या मांडणीचा एक तोटा आहे तो सांगून टाकतो. उद्या लिनक्सचं पार्टिशन डिलीट करून ती जागा सीला द्यायला गेलात तर "एक्स्टेंड व्हॉल्यूम" राखाडी दिसेल, कारण मध्ये विनआरई आहे. मग वरचाच खेळ परत: डिसेबल, फाइल बघा, विनआरई डिलीट, सी एक्स्टेंड करा पण शेवटी १,०२४ एमबी सोडून, तिथे नवीन विनआरई, एनेबल. लिनक्स डिलीट करायच्या आधी बायोसमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरला आणा, नाहीतर पुढच्या बूटला काळ्या स्क्रीनवर ग्रबचा प्रॉम्प्ट लुकलुकत बसेल. ईएफआय पार्टिशनमध्ये उबंटू नावाचं फोल्डर उरतं, ते राहिलं तरी काही बिघडत नाही, मामेभावाच्या आधीच्या लॅपटॉपमध्ये तर अजून आहे.